दोन वाक्यांचं नातं काय? ‘मग’, ‘पण’, ‘म्हणून’ कागदावर कसे उतरवायचे

 

आज आम्ही व्याजाचा हिशेब सांगणार नाही आणि नवीन योजनाही सांगणार नाही. आजचा विषय लिहिण्याचा आहे. लिहिणं म्हटलं की आपल्यातल्या निम्म्या बाया म्हणतात, “ते सचिवताईचं काम, आमचं काय?” पण इतिवृत्त, ठराव, अर्ज, ग्रुपवरचा निरोप, पापडाच्या पुडक्यावरची चिठ्ठी, हे सगळं आपल्या नावाने लिहिलं जातं. त्याखाली आपली सही किंवा अंगठा असतो. म्हणून हा विषय सगळ्यांचा आहे.

सुरुवात एका वहीपासून करतो. आमच्याकडच्या एका गटाच्या इतिवृत्तात एका ताईच्या नावापुढे अशी नोंद होती: “जून महिन्याचा हप्ता आला नाही. मुलीचं लग्न झालं. गटाने आहेर केला. जुलैमध्ये दोन हप्ते जमा.” चार वाक्यं. चारही खरी.

काही महिन्यांनी त्या ताईने शिलाई मशीनसाठी मोठं कर्ज मागितलं. तेव्हा गटात सचिव नवीन होत्या. वही वाचून त्यांनी सांगितलं, “यांनी हप्त्याचे पैसे लग्नात घातले.” वहीत असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. पण दोन वाक्यं शेजारीशेजारी होती, आणि मधे काहीच नव्हतं. त्या मोकळ्या जागेत नव्या सचिवांनी आपल्या मनचा ‘कारण’ घातला. ताईचा अर्ज यादीत सगळ्यात खाली गेला. ताई तीन महिने बैठकीला आली नाही. आम्ही घरी गेलो, तर म्हणाली, “पोरीचं लगन केलं, थे चूक झाली काय माही?”

खरी गोष्ट अशी होती: लग्न मे महिन्यातच आटोपलं होतं. जूनमध्ये सासऱ्यांना अकोल्याला दवाखान्यात भरती केलं होतं. ताई तिथे त्यांच्याजवळ होती, हप्त्याचे पैसे घरी डब्यात तयार होते, आणि ते बैठकीत आणून द्यायला घरी कोणी नव्हतं. जुलैमध्ये आल्या आल्या तिने दोन्ही हप्ते भरले. हेच त्या वहीत असं लिहिता आलं असतं:

“मे महिन्यात ताईंच्या मुलीचं लग्न झालं. तेव्हा गटाने आहेर केला. त्यानंतर जूनमध्ये त्यांचे सासरे दवाखान्यात होते. त्यामुळे ताई बैठकीला येऊ शकल्या नाहीत आणि हप्ता राहिला. मात्र जुलैमध्ये त्यांनी दोन्ही हप्ते एकदम भरले.”

तेव्हा, त्यानंतर, त्यामुळे, मात्र. चार छोटे शब्द. ते नव्हते म्हणून एका बाईच्या नावाला डाग लागला. आणि हेही सांगतो, ती वही तपासून खाली सही करणाऱ्यांत आम्हीही होतो. आकडे जुळले की आम्ही सही करत होतो. वाक्यं जुळतात का, हे आम्ही बघत नव्हतो. आजचं बोलणं त्या चुकीतून आलेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, बोलताना तर असं होत नाही. खरं आहे. आपल्या वऱ्हाडी बोलण्यात हे शब्द आपोआप येतात. ऐका: “बजारात गेलती, तं तिथं माही बहीन भेटली. मंग आमी चाय पेली. पन तेवढ्यात गाडी निघून गेली. म्हून यायले उशीर झाला.” तं, मंग, पन, म्हून. एकही वाक्य सुटं नाही. कशामागून काय झालं आणि कशामुळे झालं, हे ऐकणाऱ्याला विचारावं लागत नाही. शिवाय बोलताना आवाज असतो, हात असतात, डोळे असतात. समोरची भुवई वर गेली की आपण लगेच सांगतो, “काऊन की घरी कोनीच नव्हतं.”

कागदावर आवाज नसतो आणि हातही नसतात. आणि नेमकं तिथेच आपण हे शब्द सोडून देतो. का सोडतो? एक तर वाटतं, हे बोलीतले शब्द आहेत, शुद्ध लेखनात चालणार नाहीत. दुसरं, पेन हातात घेतलं की शाळेत प्रश्नांची उत्तरं लिहायचो तशी तुटक वाक्यं यायला लागतात. नाहीतर उलटं होतं, ‘आणि’ ‘आणि’ करत एकच वाक्य पान संपेपर्यंत चालतं.

बोलीचा संकोच तर मुळीच नको. मराठीतला सगळ्यात जुना मोठा गद्य ग्रंथ म्हणजे लीळाचरित्र. तो आपल्या वऱ्हाडातच, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, म्हाइंभटांनी तेराव्या शतकात, १२७८च्या सुमारास तयार केला. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्याजवळ होत्या त्यांना भेटून, विचारून, त्यांनी तो लिहिला. म्हणजे तो लोकांच्या सांगण्यातून आला. आणि तुमचा आमचा ‘मग’ त्यात ठिकठिकाणी आहे. सातशे वर्षांहून जास्त काळ मराठी माणूस एका गोष्टीला दुसरी गोष्ट ‘मग’ने जोडत आला आहे. आपण फक्त ‘मंग’वरचा टिंब काढायचा, ‘पन’चं ‘पण’ करायचं आणि ‘म्हून’चं ‘म्हणून’. झाला कागदाचा शब्द.

आणखी एक गोष्ट. आज वाक्य संपलं की आपण टिंब देतो, त्याला पूर्णविराम म्हणतो. हे टिंब मराठीत फार जुनं नाही. मोडीतले जुने कागद तुम्ही पाहिले असतील, कोणाच्या घरी शेताचे दस्तऐवज असतात. त्यात एकच ओळ ओढलेली, शब्दामागे शब्द, मधे ना जागा ना टिंब. पूर्णविराम, स्वल्पविराम ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात इंग्रजीवरून मराठीत आली. मेजर थॉमस कँडी यांनी ती रूढ केली असं सांगतात. त्याआधी एक गोष्ट कुठे संपली, दुसरी कुठे सुरू झाली, हे मग, परंतु, सबब असेच शब्द सांगत होते. आता टिंब मिळालं, तर आपण शब्दच सोडले. टिंबामुळे वाक्य कुठे संपलं एवढं कळतं. पुढच्या वाक्याशी त्याचं काय नातं आहे, ते टिंब सांगत नाही.

लग्नाच्या मांडवात अनोळखी बाई दिसली की आपण हळूच विचारतो, “ह्या कोण?” नवरीची मावशी की नवरदेवाची आत्या, हे कळलं की मग बोलायचं कसं तेही कळतं. दोन वाक्यं लिहिली की तोच प्रश्न विचारायचा: हे दुसरं वाक्य पहिल्याचं कोण? व्याकरणाच्या पुस्तकात या शब्दांना उभयान्वयी अव्यय म्हणतात. नाव अवघड आहे, अर्थ सोपा आहे. उभय म्हणजे दोघं, अन्वय म्हणजे संबंध. दोघांचा संबंध दाखवणारा शब्द. आणि अव्यय म्हणजे तो बदलत नाही. ताई असो, भाऊ असो, एक असो की दहा, ‘पण’ तो ‘पण’च. काही शब्द व्याकरणात दुसऱ्या खणात जातात, पण काम तेच करतात, म्हणून आज सगळ्यांना आपण जोडशब्द म्हणू. आता एकेक नातं बघू.

पहिलं नातं मागचं-पुढचं. आधी, मग, नंतर, तोपर्यंत, शेवटी. हे शब्द वेळेचा क्रम सांगतात. आमच्या एका गटाने कुरडई विकायला काढली. घरी करून बघणाऱ्यांसाठी पुडक्यात कृतीची चिठ्ठी घातली. त्यात लिहिलं होतं, “गहू तीन दिवस भिजवा. रोज पाणी बदला. वाटून चीक काढा. चीक शिजवा. वरचं निवळलेलं पाणी काढून टाका.” शहरातल्या एका बाईचा फोन आला, “चीक तर शिजून घट्ट झाला. त्यावर पाणी कुठे आहे?” लिहिणारीला तीस वर्षांची सवय, तिला वाटलं हे काय सांगायचं. वाचणारीला क्रम फक्त चिठ्ठीतूनच कळणार होता. “चीक रात्रभर ठेवून द्या. मग वर निवळलेलं पाणी ओतून टाका. त्यानंतरच चीक शिजवा.” असं लिहिलं की फोन येत नाही. मात्र ‘मग’ प्रत्येक ओळीला नको. क्रम उलटासुलटा होण्याची भीती जिथे आहे, तिथे तो हवाच. बाकी ठिकाणी एक, दोन, तीन आकडे घातले तरी पुरे.

दुसरं नातं भर घालण्याचं. शिवाय, तसेच, याखेरीज. पहिल्या मुद्द्याला दुसरा मुद्दा जोडायचा असेल तेव्हा. ‘आणि’ही इथलाच. ‘व’सुद्धा इथलाच, पण तो दोन नावांच्या मधे शोभतो, अध्यक्ष व सचिव. ‘व’ने वाक्य सुरू करू नका. ‘आणि’ने केलं तर चालतं का? शाळेत गुरुजी नको म्हणायचे, कारण मुलं प्रत्येक ओळ ‘आणि’ने सुरू करत. एखाद्या ठिकाणी, जोर द्यायचा असेल तर, खुशाल करा. ‘शिवाय’ची एक खूण लक्षात ठेवा: त्याच्या मागचं आणि पुढचं वाक्य एकाच बाजूने बोलत असलं पाहिजे. “ताईकडे शिवणकामाचं प्रमाणपत्र आहे. शिवाय त्या पाच वर्षांपासून गावात कपडे शिवतात.” दोन्ही वाक्यं ताईच्या बाजूची आहेत. “शिवाय त्यांचा एक हप्ता थकला आहे” असं लिहिलं, तर वाचणारा गोंधळतो.

तिसरं नातं उलट बाजूचं. पण, परंतु, मात्र, तरीही, उलट. इथे थोडं थांबू, कारण या शब्दांत सगळ्यात जास्त ताकद आहे. दोन वाक्यं घ्या.

“ताई हप्ता वेळेवर भरतात, पण बैठकीला उशिरा येतात.”

“ताई बैठकीला उशिरा येतात, पण हप्ता वेळेवर भरतात.”

शब्द तेच, माहिती तीच. पहिलं वाचून बँकेच्या साहेबाच्या मनात काय राहील? उशीर. दुसरं वाचून? वेळेवर हप्ता. ‘पण’च्या नंतर जे येतं, ते वाचणाऱ्याच्या मनात मुक्कामाला राहतं. म्हणून कोणाबद्दल शिफारस लिहिताना, ठराव लिहिताना, ‘पण’च्या अलीकडे काय ठेवायचं आणि पलीकडे काय, हे विचार करून ठरवा. मुद्दाम एखादीचं वाईट करायचं असेल, तर तेही ‘पण’ने करता येतं. म्हणूनच वही वाचून दाखवताना ऐकणाऱ्या बायांनी ‘पण’ आला की कान टवकारायचे.

‘मात्र’ सुरुवातीला आला की ‘पण’सारखाच, थोडा ठाम. पण पावतीवर आकड्यानंतर येणारा ‘मात्र’ वेगळा. “रुपये पाचशे मात्र” म्हणजे फक्त पाचशे, पुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून. आणि ‘तरीही’ कधी? अडचण होती आणि तिला न जुमानता काम झालं तेव्हा. “सोयाबीनला भाव नव्हता. तरीही एकाही सदस्याचा हप्ता थकला नाही.” इथे ‘पण’ लिहिला असता, तर चाललं असतं. ‘तरीही’ लिहिला की बायांचे कष्ट दिसतात.

चौथं नातं कारणाचं. कारण, म्हणून, त्यामुळे. कारण मागे सांगायचं असेल तर ‘कारण’, परिणाम पुढे सांगायचा असेल तर ‘म्हणून’ किंवा ‘त्यामुळे’. ‘कारण की’ लिहायची गरज नाही, ‘कारण’ पुरतो. आणि एकाच वाक्यात “कारण पाऊस आला म्हणून” असे दोन्ही नकोत, एकच ठेवा.

‘म्हणून’ आणि ‘त्यामुळे’ यांत बारीक फरक आहे. “पाऊस आला. त्यामुळे पापड वाळले नाहीत.” हे आपोआप झालं, कोणी ठरवून केलं नाही. “पाऊस आला. म्हणून आम्ही पापड आत घेतले.” हे आम्ही विचार करून केलं. बोलताना दोन्ही एकमेकांच्या जागी चालून जातात. पण ठरावात फरक ठेवलेला बरा. “बँक बंद होती. त्यामुळे रक्कम जमा झाली नाही.” हा नाइलाज झाला. “बँक बंद होती. म्हणून रक्कम अध्यक्षांकडे ठेवायचं ठरलं.” हा निर्णय झाला, आणि निर्णयाखाली कोणाकोणाची संमती आहे हे लिहावं लागतं. पैशाच्या बाबतीत आपोआप झालेलं आणि आपण केलेलं, ही दोन खाती कधी मिसळू देऊ नका.

पाचवं नातं अटीचं. जर-तर, नाहीतर, अन्यथा. गटाचे नियम याच शब्दांवर उभे असतात. ‘जर’ एक वेळ गाळला तरी चालेल, ‘तर’ गाळू नका. “सदस्य सलग तीन बैठकींना आल्या नाहीत, तर गट त्यांच्या घरी जाऊन चौकशी करेल.” ‘अन्यथा’ मात्र जपून. अर्जाच्या शेवटी “अन्यथा आम्ही उपोषणाला बसू” असं पहिल्याच अर्जात लिहिलं, तर साहेब मागणी वाचत नाही, धमकी वाचतो. तो शब्द तिसऱ्या अर्जासाठी ठेवा.

सहावं नातं उलगडून सांगण्याचं. म्हणजे, उदाहरणार्थ, थोडक्यात. “अंतर्गत कर्ज म्हणजे गटाच्या स्वतःच्या बचतीतून दिलेलं कर्ज.” नव्या सदस्याला वही समजावी असं वाटत असेल, तर ‘म्हणजे’चा कंटाळा करू नका.

मुलांचा अभ्यास घेतानाही हे उपयोगी पडतं. ‘माझे गाव’ निबंधात पोरं लिहितात, “आमच्या गावात किल्ला आहे. दोन नद्या आहेत. छत्री आहे.” आपण जवळ बसून विचारायचं, नदीचं आणि किल्ल्याचं नातं काय? मग लेकरू लिहील, “बाळापूरचा किल्ला मन आणि म्हैस या दोन नद्यांच्या मधे उभा आहे. त्यामुळे पूर आला की तो जवळपास चहूबाजूंनी पाण्याने वेढला जातो. हा किल्ला एलिचपूरच्या नवाबाने १७५७ मध्ये पूर्ण केला. मात्र नदीकाठची मिर्झाराजे जयसिंग यांची छत्री त्याहूनही जुनी आहे.” माहिती थोडीच वाढली. पण आता ते गाव डोळ्यांसमोर येतं.

आता सरकारी भाषेचं बोलू. अर्ज लिहायला बसलो की आपण सदर, सबब, तद्नंतर, उपरोक्त असे जड शब्द शोधतो. ‘सबब’ची गंमत बघा. बोलताना “सबबी सांगू नको” म्हणतो, तेव्हा सबब म्हणजे बहाणा. जुन्या अर्जात “सबब विनंती की” असं येतं, तेव्हा त्याचा अर्थ ‘म्हणून’. मूळ अरबी शब्द, अर्थ कारण. कचेरीत तो मुरला आहे, चुकीचा नाही. पण ज्या शब्दाचा अर्थ आपल्याला सांगता येत नाही, तो आपल्या सहीच्या वर कशाला ठेवायचा? ‘म्हणून’ लिहा. साहेबालाही तो कळतो. “वरील विषयास अनुसरून” हे अर्जाच्या सुरुवातीला ठेवा, ती रीत आहे. बाकी सगळा अर्ज आपल्या मराठीत होऊ शकतो.

याचा एक अनुभव सांगतो. आपल्या पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत, खारपाणपट्टा आहे. जमिनीतल्या क्षारांमुळे विहिरीचं, बोअरचं पाणी खारं लागतं. अशाच एका वस्तीतल्या बायांनी एका कार्यालयात अर्ज दिला. अर्ज असा होता:

“आमच्या वस्तीत चाळीस घरं आहेत. विहिरीचं पाणी खारं आहे. टँकर आठवड्यातून दोनदा येतो. गावात नळयोजना आहे. बायांना दुरून पाणी आणावं लागतं. आपण लक्ष द्यावं.”

उत्तर आलं, टँकरच्या फेऱ्यांबाबत संबंधितांना कळवलं आहे. बाया चिडल्या, “आमी टँकर कुठी मांगतला? आमाले नळ पायजे.” बरोबर होतं त्यांचं. पण अर्ज पुन्हा वाचला, तेव्हा आम्हाला दिसलं की नळ पाहिजे असं त्यात कुठेच नाही. सहा वाक्यं आहेत, सहाही खरी आहेत, आणि एकाचं दुसऱ्याशी काही नातं नाही. वाचणाऱ्याने त्यातलं त्याला सोपं वाटलं ते उचललं. मग सगळ्या मिळून बसलो आणि असं लिहिलं:

“आमच्या गावात नळयोजना आहे. मात्र तिची पाइपलाइन आमच्या चाळीस घरांच्या वस्तीपर्यंत आलेली नाही. वस्तीतली विहीर आहे, पण तिचं पाणी खारं आहे. त्यामुळे ते पिता येत नाही. टँकर आठवड्यातून दोनदा येतो. तरीही उरलेले पाच दिवस बायांना दुरून पाणी आणावं लागतं. म्हणून आमची विनंती आहे की, नळयोजनेची पाइपलाइन आमच्या वस्तीपर्यंत वाढवावी.”

या अर्जाने दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं असं आम्ही सांगणार नाही. कागदाने एवढं होत नाही, मागे लागावंच लागतं. पण या वेळच्या उत्तरात ‘पाइपलाइन’ हा शब्द होता, आणि मोजमाप घ्यायला माणूस वस्तीवर आला. विषय टँकरवरून नळावर आला. ‘म्हणून’च्या पुढे मागणी सरळ लिहिली की कोणाला दुसरीकडे वळता येत नाही. अर्ज लिहून झाला की त्यातला ‘म्हणून’ शोधा. सापडला नाही, तर मागणीच लिहायची राहिली आहे असं समजा.

ग्रुपवरच्या निरोपालाही हे लागू आहे. “उद्या पासबुक आणा” असं टाकलं की पाच जणी आणतात. “उद्या पासबुक आणा, कारण बँकेतून नोंदी तपासायला येणार आहेत” असं टाकलं की बऱ्याच जणी आणतात. कारण कळलं की माणूस ऐकतो. हुकूम कोणालाच आवडत नाही, सासूचा नाही आणि समन्वयकाचाही नाही.

आता दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली, हे शब्द मिठासारखे आहेत. दोन वाक्यांचं नातं उघड दिसत असेल, तर मधे शब्द घालू नका. “बैठक दुपारी दोन वाजता सुरू झाली. अठरा सदस्य हजर होत्या.” इथे काही जोडायचं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. जे नातं आपल्याला पक्कं माहीत नाही, ते लिहू नका. ‘कारण’ लिहिणं म्हणजे साक्ष देणं आहे. एखादी ताई बैठकीला आली नाही आणि का आली नाही ते माहीत नसेल, तर सरळ लिहा, “ताई आल्या नाहीत. कारण समजलेलं नाही. चौकशी करायचं ठरलं.” गावात लोक काय बोलतात, ते ‘कारण’च्या पुढे वहीत चढवू नका. बोललेलं वाऱ्यावर जातं. वही पुढच्या दहा सचिव वाचतात.

आणि चुकीची नोंद सापडली तर? जुनी ओळ खोडू नका, पांढरी शाई लावू नका, पान फाडू नका. पुढच्या बैठकीत नवीन ठराव घ्या: अमुक तारखेच्या इतिवृत्तातली अमुक नोंद अपुरी होती, खरी हकिगत अशी आहे. सगळ्यांच्या सह्या घ्या. त्या ताईच्या बाबतीत आम्ही तसंच केलं. नोंद भर बैठकीत मोठ्याने वाचली. नव्या सचिवांनी स्वतः वाचली. ताई मागे बसली होती. ‘त्यामुळे’ आला तेव्हा तिने पदर तोंडाला लावला. ‘मात्र जुलैमध्ये दोन्ही हप्ते एकदम भरले’ हे वाचल्यावर आमच्यातल्या एक वयस्कर मावशी म्हणाल्या, “हे आदीच लेयलं असतं, तं?” त्याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. कर्ज त्यानंतरच्या महिन्यात मंजूर झालं.

तर मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. मागच्या महिन्याचं इतिवृत्त काढा आणि एकीने सावकाश वाचा. प्रत्येक पूर्णविरामाला थांबा आणि बाकीच्यांनी विचारा, “हे मागच्याचं कोण?” उत्तर ‘पुढचं’ आलं तर मग किंवा त्यानंतर. ‘आणखी एक’ आलं तर शिवाय. ‘उलटं’ आलं तर पण, मात्र, तरीही. ‘कशामुळे’ आलं तर कारण, त्यामुळे, म्हणून. उत्तर आलंच नाही, तर ते वाक्य तिथे का आहे ते सचिवताईला विचारा. ज्यांना लिहिता येत नाही त्या काकूंनी तर हे काम जरूर करावं. पेन कोणाच्याही हातात असो, कान सगळ्यांचे आहेत. वाचून झाल्यावर, समजलं तरच सही करा, समजलं तरच अंगठा द्या. आम्हीही आता तसंच करतो.

पुन्हा भेटू. तोपर्यंत नमस्कार.